पहिले साठ फूट: मातीवरील ड्रॅग शर्यतीसाठी स्पोर्ट क्वाडची तयारी

मातीवरील ड्रॅग शर्यतीचे स्वरूप अगदी साधे असते. दोन क्वाड, म्हणजे हँडलने चालवायच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्या, शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो आणि सरळ पट्ट्यावर जी आधी पोहोचते ती जिंकते. अंतर बहुधा ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते. काही पट्ट्यांवर ते ५०० फूट किंवा अष्टमांश मैल, म्हणजे २०१ मीटरपर्यंत जाते. हे मार्गदर्शन ज्या गाडीसाठी लिहिले आहे ती पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेली गाडी नव्हे. सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टर मोकळा केलेला, त्यानुसार जेट (कार्बोरेटरमधील इंधन मोजून सोडणारे छिद्र) किंवा इंधनाचे सेटिंग बदललेले, पण सिलिंडर, पिस्टन आणि क्रँक कारखान्यातून आले तसेच, अशी ती गाडी आहे. तिच्या मालकाला पहिला मोह होतो तो इंजिनात आणखी काहीतरी घालण्याचा. माझे ठाम मत आहे की ३०० फुटांच्या शर्यतीत अशा गाडीचा वेळ इंजिनापेक्षा क्लच, टायर आणि वजनाची मांडणी यांतून अधिक कमी होतो, आणि तोही मुख्यतः पहिल्या साठ फुटांत.

या मतामागचा हिशेब पाहावा. गाडी आपली शक्ती पूर्णपणे जमिनीवर उतरवू शकते असे धरले, तर ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ ढोबळमानाने शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे इंजिनाची शक्ती ५ टक्क्यांनी वाढवली, तर वेळ सुमारे दीड टक्क्याने कमी होतो. साडेपाच सेकंदांच्या धावेत हा फायदा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही किंचित कमी भरतो. आता सुरुवातीकडे पाहू. पहिले ६० फूट गाडीने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट त्वरणाने कापले तर सुमारे अडीच सेकंद लागतात. चाके जास्त फिरून किंवा क्लच सरकून हेच त्वरण ०.५ पट झाले, तर जवळपास पाव सेकंद तिथेच हरवतो. हा पाव सेकंद पुढे कुठेही परत मिळत नाही. शेवटच्या रेषेजवळ गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने धावत असेल, तर सेकंदाचा दहावा भाग म्हणजे अडीच मीटर, अर्थात संपूर्ण क्वाडच्या लांबीहून जास्त अंतर होते. म्हणून तयारीचा क्रम असा ठेवावा: आधी इंजिनाची प्रकृती, मग क्लच, मग टायर आणि वजन, मग गिअरिंग, आणि सर्वांत शेवटी मिश्रणाचे बारीक सेटिंग.

इंजिनाची प्रकृती

थकलेल्या इंजिनावर केलेले कोणतेही सेटिंग खोटे ठरते. इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन तपासावे आणि आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहावा. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत सुरू करणे सोपे जावे म्हणून कॅमवर कॉम्प्रेशन कमी करणारी योजना असते, त्यामुळे केवळ या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. शक्य असल्यास लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती पाहण्याची चाचणी, करावी. हवा कुठून निसटते ते ऐकले की दोष कळतो. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इन्टेक व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर पिस्टन रिंग आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. फोर-स्ट्रोकचे टॅपेट थंड इंजिनावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावेत. क्लिअरन्स पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा त्याची बैठक झिजत आहे असे समजावे. शिम (फट जुळवणारी चकती) बदलून तो दोष केवळ काही दिवस झाकला जातो.

टू-स्ट्रोकमध्ये, उदाहरणार्थ यामाहा बॅन्शीच्या ३४७ सीसीच्या जोडसिलिंडर इंजिनात, क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरणे हा सर्वांत घातक दोष आहे. क्रँकचे सील कडक झाले किंवा इन्टेकच्या रबरी बूटला चीर गेली, की मिश्रणात नकळत हवा वाढते आणि पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन वितळतो. इन्टेक व एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये साधारण ६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब भरावा आणि तो काही मिनिटे टिकतो का ते पाहावे. ही तपासणी केल्याशिवाय अशा गाडीचा जेट लहान करण्याच्या भानगडीत पडू नये.

एअर फिल्टर काढून टाकण्याची सूचना काही जण करतात. मातीच्या पट्ट्यावर ती अजिबात मानू नये. शेजारच्या गाडीने उडवलेली धूळ दोन-चार धावांतच सिलिंडरच्या भिंती खरवडते. फोमचा फिल्टर स्वच्छ धुऊन, फिल्टरचे तेल लावून आणि जादा तेल दाबून काढून बसवावा. त्याची कड एअरबॉक्सवर सर्व बाजूंनी नीट बसली आहे हे बोट फिरवून पाहावे.

क्लच

हलक्या सुधारणा केलेल्या क्वाडमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग क्लच हाच असतो. रोजच्या चालवण्यात तो व्यवस्थित वाटतो, कारण तिथे कोणी पूर्ण थ्रॉटलवर सहा-सात हजार आरपीएमने तो सोडत नाही. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम वेगाच्या मानाने पुढे पळत असेल, तर क्लच सरकत आहे. धावेनंतर तेलाला जळका वास येणे आणि तेल काळपट होणे हेही त्याचेच लक्षण आहे.

क्लच उघडल्यावर फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजावी आणि मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडावी. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून कडेने फिलर गेज घालावा. वाकलेली किंवा निळी पडलेली प्लेट सरळ बाद करावी. काचेसारखी गुळगुळीत झालेली पण सपाट असलेली स्टील प्लेट बारीक पॉलिश पेपरने खरबडीत करून पुन्हा वापरता येते. क्लच बास्केटच्या, म्हणजे प्लेट धरणाऱ्या टोपलीच्या, बोटांवर प्लेटच्या दातांनी पाडलेल्या खाचा आहेत का ते नखाने तपासावे. खाच असेल तर प्लेट तिथे अडकते आणि क्लच झटक्याने पकडतो. झटका बसला की टायरची पकड सुटते, आणि मग मनुष्य टायरला दोष देत बसतो. उथळ खाच कानशीने समतल करता येते, खोल असेल तर बास्केट बदलणे हाच उपाय आहे. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्यापूर्वी इंजिनाच्या तेलात काही तास बुडवून ठेवाव्यात.

स्प्रिंग मूळच्यापेक्षा १० ते २० टक्के कडक असलेल्या घ्याव्यात. त्याहून कडक स्प्रिंगने क्लच सरकणार नाही हे खरे, पण लिव्हर इतका जड होतो की बोटांना तो हळुवार सोडता येत नाही, आणि सुरुवातीची सगळी कला त्या हळुवार सोडण्यातच आहे. वेग वाढेल तसा दाब वाढवणारे, वजनाच्या भुजा असलेले लॉक-अप क्लच मिळतात. ते उत्तम असतात, पण मूळ इंजिनाच्या शक्तीला त्यांची गरज क्वचितच पडते. स्प्रिंगचे बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने, थोडे थोडे आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत, कारण त्यांचा टॉर्क फार कमी असतो आणि ते तुटतात.

तेलाबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची आहे. ओल्या क्लचसाठी असलेले, डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ असा दर्जा छापलेले तेल वापरावे. मोटारींसाठीच्या, इंधनबचतीचा दावा करणाऱ्या तेलांतील घर्षण कमी करणारे घटक क्लचलाही सरकवतात.

टायर

मातीचा पट्टा आणि वाळूचा पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूतील पॅडल टायर वाळू ढकलून पुढे जाते. पाणी मारून दाबलेल्या कठीण मातीवर त्याला ढकलायला काहीच मिळत नाही, उलट मोजक्या पट्ट्यांवर सगळा भार येऊन गाडी धडधडते आणि चेन व गिअरबॉक्स यांना झटके बसतात. कठीण मातीवर नक्षीच्या ठोकळ्यांची धारदार पुढची कड पकड देते. वरची माती भुसभुशीत असेल तर थोडे उंच, एकमेकांपासून दूर असलेले ठोकळे चांगले. जमीन जितकी कठीण, तितके ठोकळे बुटके आणि दाट हवेत, कारण उंच ठोकळा भाराखाली मागे वाकतो आणि कडेऐवजी पाठ टेकवतो. अनुभवी स्पर्धक नव्या टायरचे ठोकळे कापून बुटके करतात, त्याचे कारण हेच आहे. कापायचे झाल्यास गरम केलेल्या टायर-कटरने, दोन्ही टायरवर मोजून सारखेच कापावेत आणि आतील धागे कुठेही उघडे पडू देऊ नयेत.

जुन्या टायरच्या ठोकळ्यांची पुढची कड गोल झालेली असते, मागची मात्र बहुधा शाबूत असते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, तर डावे-उजवे चाक अदलाबदल करून ही ताजी कड पुढे आणता येते. एक पैसाही खर्च न करता मिळणाऱ्या पकडीपैकी ही सर्वांत चांगली युक्ती आहे.

स्पोर्ट क्वाडच्या मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल नसते; दोन्ही चाके एकाच दांड्यावर एकत्र फिरतात. त्यामुळे दोन टायरचा घेर वेगळा असेल तर मोठा घेर असलेली बाजू सतत पुढे जाऊ पाहते आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. दोन्ही टायरमध्ये समान हवा भरून, मधोमध टेप गुंडाळून घेर मोजावा. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या टायरमध्येही फरक निघतो. तो काही मिलिमीटरचा असेल तर मोठ्या टायरची हवा किंचित कमी करून भागते. त्याहून जास्त असेल तर जोडी बदलावी.

हवेचा दाब मोजायला मोटारीचे गेज चालत नाही. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या टायरमध्ये कारखान्याने सांगितलेला दाब बहुधा ४ ते ५ पीएसआयच्या आसपास असतो, आणि इथे अर्ध्या पीएसआयनेही वागणूक बदलते. म्हणून ० ते १५ पीएसआयचे, कमी दाबाचे गेज घ्यावे. मॅन्युअलच्या आकड्यापासून सुरुवात करावी, एक धाव घ्यावी आणि उतरून मातीवर उमटलेला पहिल्या दहा-पंधरा फुटांचा माग पाहावा. फक्त मधला भाग खोल उमटला असेल तर दाब अर्ध्या पीएसआयने कमी करावा. दोन्ही कडा उमटून मधला भाग पुसट असेल तर वाढवावा. खूप कमी दाबात टायरची बाजू दुमडते, गाडी झुलते आणि टायर रिमवरून सुटण्याचा धोका निर्माण होतो, त्यामुळे कारखान्याच्या आकड्याच्या फारसे खाली जाऊ नये. दाब नेहमी थंड टायरवर, सावलीत मोजावा. गाडीची एक बाजू तासभर उन्हात राहिली तर तेवढ्यानेच दोन्ही बाजूंचे दाब वेगळे होतात.

वजन कुठे जाते

गाडी पुढे झेपावते तेव्हा भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो हे चार गोष्टींवर ठरते: एकूण वस्तुमान, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस (पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमधील अंतर). पहिल्या तिन्हींचा गुणाकार करून व्हीलबेसने भागले की उत्तर मिळते. समजा गाडी आणि पूर्ण पोशाखातील चालक मिळून २६० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटर आणि व्हीलबेस १.२८ मीटर आहे. ०.६ पट त्वरणाला जवळपास ८० किलो भार मागे जातो. उभ्या गाडीत पुढे ११७ आणि मागे १४३ किलो असतील, तर सुटताना पुढे सुमारे ३८ आणि मागे २२२ किलो उरतात. त्वरण ०.८९ पट झाले की पुढची चाके जमीन सोडतात.

आता स्विंगआर्म, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल धरणारी भुजा, १० सेंटिमीटरने लांब केला असे समजू. पुढची चाके उचलण्याची मर्यादा १.०४ पटीपर्यंत जाते, म्हणजे गाडी अधिक निश्चिंतपणे जमिनीवर राहते. परंतु त्याच ०.६ पट त्वरणाला मागच्या चाकांवरचा भार २२२ वरून सुमारे २०६ किलोवर येतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या गाडीची पुढची चाके हवेत जातात आणि त्यामुळे थ्रॉटल कमी करावा लागतो, तिला लांब स्विंगआर्मचा फायदा होतो. ज्या गाडीची मागची चाके जागीच फिरतात, तिचे त्याने नुकसान होते. हलक्या सुधारणा केलेली गाडी कठीण मातीवर बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. तरीही अनेक जण पहिला खर्च स्विंगआर्मवर करतात, कारण तो दिसायला शर्यतीचा वाटतो. आधी कोणाला तरी बाजूने आपली सुरुवात चित्रित करायला सांगावे, पुढच्या टायरखाली उजेड दिसतो का ते पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

चालकाचे शरीर हे या गाडीतील सर्वांत मोठे हलवता येण्याजोगे वजन आहे, हे विसरू नये. चाके फिरत असतील तर सीटवर एक वीतभर मागे बसावे. पुढचा भाग उचलत असेल तर छाती हँडलवर आणावी. स्विंगआर्मने होणारे काम बऱ्याच अंशी एवढ्यानेच होते.

सस्पेन्शनमध्ये दोन गोष्टी साधायच्या असतात. पुढचा भाग सुटताना वर उसळू नये म्हणून पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) कमी करावा आणि रिबाउंड (दबलेल्या शॉकचे परत उघडणे) थोडा मंद करावा. पट्ट्याचे नियम परवानगी देत असतील तर पुढच्या ए-आर्मला (चाक धरणाऱ्या भुजेला) पट्टा बांधून पुढच्या भागाचे वर उचलणे मर्यादित करता येते. मागचा शॉक इतका मऊ नसावा की गाडी बसून पुन्हा उसळेल, कारण त्या उसळीच्या क्षणी टायर हलके होते. मागचा प्रीलोड थोडा वाढवावा, काँप्रेशन डॅम्पिंग काही क्लिकने कडक करावे आणि दर धावेनंतर एकच बदल करावा. गाडी एकंदर खाली आणल्याने गुरुत्वमध्याची उंची कमी होते आणि भार मागे कमी सरकतो, म्हणजे पुन्हा तीच देवाणघेवाण.

अनावश्यक वजन काढणे मात्र नेहमीच फायद्याचे असते. वेळ वस्तुमान आणि शक्ती यांच्या गुणोत्तरावर ठरतो, म्हणून २६० किलोतून १३ किलो कमी करणे म्हणजे इंजिनात ५ टक्के शक्ती वाढवण्यासारखे आहे. दिवे, मागची पकडदांडी, पुढचा बंपर आणि सामानाची पट्टी काढता येते. पेट्रोल लिटरमागे सुमारे पाऊण किलो भरते. दहा लिटरची टाकी पूर्ण भरून शर्यतीत जाणे म्हणजे साडेसात किलो विनाकारण वाहून नेणे होय. मात्र इंजेक्शनच्या गाड्यांत सुटताना पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जाते आणि पंपाला हवा मिळू शकते, त्यामुळे टाकी अगदी तळाशी नेऊ नये. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या नर्फ बार (बाजूच्या संरक्षक दांड्या) काढू नयेत. शेजारची गाडी बाजूला सरकून चाकात चाक अडकले, तर होणारा अपघात फार गंभीर असतो.

गिअरिंग

स्प्रॉकेट निवडताना अंतिम रेषेवरून उलटा विचार करावा. रेषा ओलांडताना इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या आरपीएमच्या जरा पुढे असावे आणि रेषेच्या अगदी आधी एक जादा गिअर टाकण्याची वेळ येऊ नये. हिशेब असा करावा: इंजिनाचे आरपीएम घेऊन त्याला प्रायमरी रिडक्शन (क्रँक ते क्लच यांमधले गुणोत्तर), त्या गिअरचे गुणोत्तर आणि मागच्या व पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांचे गुणोत्तर यांच्या गुणाकाराने भागावे, आलेल्या फेऱ्यांना टायरच्या घेराने गुणावे. समजा ९,५०० आरपीएम, प्रायमरी २.७, चौथा गिअर १.२, स्प्रॉकेट १४ आणि ३८, आणि भाराखाली टायरचा घेर १.५५ मीटर आहे. उत्तर ताशी सुमारे १०० किलोमीटर येते. पुढे १४ ऐवजी १३ दातांचे स्प्रॉकेट बसवले तर तोच आकडा ९३ वर येतो. गाडी ३०० फुटांच्या शेवटी प्रत्यक्षात ९२ च्या आसपास पोहोचत असेल, तर १३ दातांचे योग्य. ९७ ने पोहोचत असेल, तर त्या स्प्रॉकेटने रेषेआधीच इंजिन लिमिटरवर (आरपीएम रोखणाऱ्या मर्यादेवर) आदळेल. आपल्या गाडीची गुणोत्तरे मॅन्युअलमध्ये दिलेली असतात, ती घालून हा हिशेब स्वतः करावा.

पुढचा एक दात कमी करणे हे मागचे साधारण तीन दात वाढवण्याच्या बरोबरीचे असते; १३ व ३८ आणि १४ व ४१ या जोड्यांचे गुणोत्तर जवळपास सारखेच निघते. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त आणि बदलायला सोपे असल्याने प्रयोग त्याच्यावर करावेत, आणि बारीक फरक मागच्याने साधावा.

यात आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे कोणत्या गिअरमध्ये सुटावे. अनेक स्पोर्ट क्वाडचा पहिला गिअर चढ चढण्यासाठी इतका छोटा असतो की चाके भिरभिरतात आणि क्षणात दुसरा टाकावा लागतो. रॅप्टर ७०० सारख्या ६८६ सीसीच्या एकसिलिंडर फोर-स्ट्रोकला खालच्या आरपीएमवर भरपूर टॉर्क असतो. अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडून एक गिअरबदल वाचवता येतो. याउलट बॅन्शीसारख्या टू-स्ट्रोकचा जोर वरच्या अरुंद पट्ट्यात असल्याने दुसऱ्या गिअरमध्ये सुटायचे तर आरपीएम बरेच वर ठेवून क्लच अधिक वेळ सरकवावा लागतो. दोन्ही पद्धतींनी प्रत्येकी तीन धावा घेऊन ६० फुटांचा वेळ पाहावा. तर्कापेक्षा तो आकडा खरा.

मिश्रण आणि प्रज्वलन

मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर यांमुळे इंजिन अधिक हवा घेते, आणि तेवढे पेट्रोल वाढवले नाही तर मिश्रण विरळ होते. कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलचा पहिला पाव भाग मुख्यतः पायलट जेट, मधला भाग सुई आणि शेवटचा पाव भाग मेन जेट सांभाळतो. ड्रॅगमध्ये बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटल असला तरी सुटतानाचा क्षण सुईवर असतो. तिथे गाडी अडखळली तर मेन जेट बदलून काही उपयोग नाही. मेन जेट दाट बाजूने सुरू करून एकेक पायरी लहान करत जावे, वेळ सुधारणे थांबले की एक पायरी मागे यावे आणि तिथेच राहावे. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल कंट्रोलरने हेच करावे. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा) उपलब्ध असल्यास पूर्ण थ्रॉटलवर हवा-इंधन गुणोत्तर १३ च्या आसपास ठेवणे हे सुरक्षित लक्ष्य आहे.

हवामानाचा परिणाम होतो. तापमान ३० अंशांवरून २० अंशांवर आले की हवा सुमारे साडेतीन टक्के घन होते आणि दुपारी नीट चाललेले सेटिंग संध्याकाळी विरळ ठरू शकते. टू-स्ट्रोकच्या बाबतीत एक गैरसमज इथेच दूर करावा: पेट्रोलमध्ये तेल वाढवले म्हणजे मिश्रण दाट होत नाही. जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा कमी होतो, म्हणून हवेच्या हिशेबात ते उलट विरळ होते. आणि कॉम्प्रेशन मूळचेच असेल तर जास्त ऑक्टेनच्या इंधनाने शक्ती वाढत नाही. ते पैसे टायरवर घालावेत.

चेन आणि पुढची चाके

चेनचा ढिलेपणा पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आणून तपासावा, कारण तिथे चेन सर्वांत ताठ असते; त्या स्थितीतही थोडी हालचाल उरली पाहिजे. क्लिप असलेली कडी वापरत असल्यास क्लिपचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे. पुढची चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला हबच्या उंचीवर मोजावे. पुढे दोन-तीन मिलिमीटर कमी अंतर पुरेसे आहे. चारही चाके जमिनीवरून उचलून हाताने फिरवावीत. ब्रेक पॅड घासत असतील तर कॅलिपर साफ करावा. पुढच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा एक-दोन पीएसआय हवा जास्त ठेवली की ती हलकी धावतात.

जे टाळता येणार नाही

मनगटाला बांधायचा किल स्विच बसवावा, आणि तो ओढल्यावर इंजिन खरोखर बंद पडते हे दर शर्यतीच्या दिवशी तपासावे. थ्रॉटल सोडल्यावर स्वतःहून झटकन बंद झाला पाहिजे, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही. अ‍ॅक्सलचे नट, चाकांचे नट, हँडलचे क्लॅम्प आणि स्टीअरिंगचे सांधे टॉर्क रेंचने तपासून रंगाने खूण करावी, म्हणजे सैल झालेले नट डोळ्यांनाच दिसते. चेनचे आणि स्प्रॉकेटचे आवरण काढू नये. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, छातीचे संरक्षण आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख हवाच. सराव बंदिस्त पट्ट्यावरच करावा, आणि अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी पुरेशी मोकळी, सपाट जागा आहे हे चालत जाऊन पाहावे. ब्रेकची तपासणी इंजिनाच्या तपासणीइतकीच गांभीर्याने करावी.

पट्ट्यावर

आधी पट्टा चालून पाहावा. कोणत्या बाजूची माती अधिक दाबलेली आहे, कुठे खड्डा पडला आहे, कुठे पाणी जास्त झाले आहे, हे डोळ्यांनी आणि बुटाच्या टाचेने कळते. दिवसभर गाड्या एकाच जागी सुटल्याने सुरुवातीच्या रेषेवर चर पडतात. शक्य तेव्हा त्यांच्या शेजारच्या अखंड मातीवर चाके ठेवावीत.

धावेपूर्वी इंजिन कामाच्या तापमानाला आलेले असावे. उभे राहताना पुढची चाके अगदी सरळ ठेवावीत. ख्रिसमस ट्री म्हणतात त्या दिव्यांच्या खांबावर पूर्ण पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात आणि मग हिरवा लागतो. प्रो पद्धतीत तिन्ही पिवळे एकदम लागून ०.४ सेकंदाने हिरवा लागतो. हिरवा पाहून सुटणारा उशिरा सुटतो, कारण डोळा, हात आणि गाडी या तिघांनाही वेळ लागतो. शेवटच्या पिवळ्यावर क्लच सोडायला शिकावे. वेळेआधी सुटल्याचा लाल दिवा लागत असेल तर थोडे मागे उभे राहावे. सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण कापेपर्यंत गाडीला तेवढेच अधिक अंतर मिळते. झेंडा किंवा हातवारा वापरणाऱ्या पट्ट्यावर मात्र सुरुवात करून देणाऱ्या माणसाच्या खांद्याकडे लक्ष ठेवावे, कारण हात हलण्याआधी खांदा हलतो.

आरपीएम एका आकड्यावर स्थिर धरावेत. थ्रॉटल वरखाली करत राहिल्यास प्रत्येक सुरुवात वेगळी होते आणि काहीच शिकता येत नाही. क्लच पहिल्या क्षणी पकडीच्या बिंदूपर्यंत झटकन आणि तिथून पुढे गाडी पकडत जाईल तसा सोडावा. चाके भिरभिरू लागली तर थ्रॉटल पूर्ण सोडू नये; क्लच अर्ध्या बोटाने ओढून पकड परत आणावी. गिअर बदलताना पायाने लिव्हरवर आधीच हलका ताण ठेवावा आणि थ्रॉटल क्षणभर कमी करावा, गिअर क्लचशिवाय पडतो. हे सावकाश वेगात सराव करून मगच पूर्ण जोरात करावे, कारण अर्धवट पडलेला गिअर दात खातो.

दोन धावांमध्ये क्लचला थंड होऊ द्यावे. गरम झालेल्या क्लचमुळे केबलचा ढिलेपणा बदलतो आणि पकडीचा बिंदू सरकतो, म्हणून प्रत्येक धावेपूर्वी लिव्हरचा ढिलेपणा पुन्हा पाहावा.

वहीत तापमान, मातीची स्थिती, चारही टायरचे दाब, स्प्रॉकेट, जेट, सुटण्याचे आरपीएम, ६० फुटांचा वेळ आणि एकूण वेळ नोंदवावा. ६० फुटांचा वेळ सुधारला पण एकूण वेळ तोच राहिला, तर दोष गिअरिंगमध्ये किंवा मिश्रणात शोधावा. ६० फुटांचा वेळच धावेगणिक बदलत असेल, तर गाडीला हात न लावता आधी चालकाची सुरुवात सारखी करावी. दिवस संपल्यावर तेल बदलावे, निघालेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात क्लचचे तंतू किंवा धातूचा चुरा दिसतो का ते पाहावे, आणि जे दिसेल ते त्याच पानावर लिहावे.